शून्य मीटर

“मला पाय नकोत, बोटं द्या,” असं मी म्हटलं तेव्हा खोलीत चार माणसं होती आणि चौघांनाही वाटलं, बाईचं डोकं फिरलंय.

टेबलापलीकडे डॉक्टर नीरजा आठल्ये होत्या, ज्यांच्या हातून माझं ऑपरेशन व्हायचं होतं. त्यांच्या शेजारी देशिंगकर, निवृत्त न्यायाधीश, या उपचाराच्या चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीचे अध्यक्ष. खिडकीपाशी व्यायाम घेणारा इम्रान मुल्ला उभा होता. आणि माझे यजमान भरतेश माझ्या चाकांच्या खुर्चीच्या मुठी धरून मागे. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण खुर्ची थोडीशी हलली.

देशिंगकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मगदूमबाई, जरा शांतपणे विचार करा. या उपचारासाठी लोक दोन-दोन वर्षं रांगेत आहेत. तुम्ही स्वतःच्या पायांवर चालू शकाल.”

“विचार करूनच आलेय, साहेब. चौदा महिने खुर्चीत बसून दुसरं केलंय काय मी?”

“पद्मा,” भरतेश मागून हळू म्हणाले, “आपण घरी बोलू.”

“घरी तुम्ही ऐकून घेतलं असतं तर इथं कशाला बोलले असते?”

हे चारचौघांत बोलायला नको होतं, हे मला बोलतानाच कळत होतं. पण कळून वळलं नाही. माझा स्वभावच तसा आहे. बैठक तिथंच थांबली आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा बसायचं ठरलं.

मी पद्मजा मगदूम. जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. आता आमच्याकडे शेतावर ड्रोन फिरतात, विहिरीत पाणी किती ते सॅटेलाइट सांगतो, ऊस कधी तोडायचा ते कारखान्याचा कॉम्प्युटर ठरवतो. पण पंपाची मोटर जळायची काही थांबलेली नाही. जळकी मोटर आली की तिच्यातली काळी पडलेली तार उपटायची, खाचांत नवा कागद घालायचा, वेढे मोजून तांब्याच्या तारेच्या कॉइल करायच्या आणि एकेक कॉइल बोटांनी दाबत, बांबूच्या पट्टीनं सारत खाचेत बसवायची. याला आम्ही मोटर भरणं म्हणतो. मोटरी भरणारी यंत्रं आहेत, पण ती कारखान्यात नव्या मोटरी भरतात. तीनदा जळलेली, एका बाजूनं घासलेली, कुणीतरी आधी वाट लावून ठेवलेली मोटर घ्यायला यंत्र तयार नसतं. तार खाचेत नीट बसली की नाही ते डोळ्याला दिसतच नाही, बोटाच्या शेंड्याला कळतं. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मला हे बाराव्या वर्षी शिकवलं. ‘पोरीच्या जातीला हे कशाला’ म्हणणारं गिऱ्हाईक आलं की ते मुद्दाम त्याची मोटर माझ्यापुढं ठेवायचे.

त्या बैठकीच्या आदल्या वर्षी, जानेवारीत, शिरोळच्या रस्त्यावर, उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आमची गाडी मागून आदळली. ट्रॉलीला मागं लाल पट्टी नव्हती, दिवस मावळत होता. गाडी भरतेश चालवत होते. त्यांना खरचटलं. माझी मान मोडली.

मानेतल्या मणक्यांच्या आत मेरुरज्जू असतो, म्हणजे मेंदूपासून कमरेपर्यंत जाणारी निरोपांची जाड केबल. माझी ती सहाव्या मणक्यापाशी चिरडली. खांदे माझे राहिले, कोपर वाकतो, मनगट वर उचलता येतं. बोटं गेली आणि छातीखालचं बाकी सगळं गेलं.

मिरजेच्या केंद्रात जो उपचार सुरू झाला होता त्याला डॉक्टर लांबलचक नाव घ्यायचे. आम्ही पेशंट त्याला लावण म्हणायचो, उसाची असते तशी. ‘तुमची लावण कधी?’ असं वॉर्डात एकमेकांना विचारायचं. आधी पेशंटच्याच कातडीतून पेशी घ्यायच्या, त्यांना प्रयोगशाळेत उलटं शिकवून कोवळ्या मज्जापेशी करायचं आणि त्यांचा नखाएवढा पॅच चिरडलेल्या जागी बसवायचा. हे ऐकायला सोपं आहे. खरी मेख पुढे होती आणि ती आठल्येबाईंनी मला पहिल्याच भेटीत नीट समजावून सांगितली होती. मी अडाणी आहे असं न मानता सांगितली, त्याबद्दल त्यांना मी कायम मानीन.

“नवी मज्जापेशी आधी गोल असते,” त्या म्हणाल्या. “मग तिला चार-पाच आखूड हात फुटतात. सगळे सारखे. कधी हा थोडा पुढं येतो, कधी तो. आणि मग त्यातला एकच हात एकदम लांब धावत सुटतो. त्याला अक्षतंतू म्हणतात. निरोप पुढं नेणारी तार ती. उरलेल्या हातांच्या वृक्षिका होतात. त्यांनी फक्त निरोप घ्यायचे.”

“धावायचं कुणी ते कोण ठरवतं?”

“पेशीच्या आतला सांगाडा.” त्यांनी कागद ओढून चित्र काढलं. “प्रत्येक हातात बारीक नळ्या असतात. प्रथिनाचा एकेक कण जोडत त्या वाढतात आणि कुठल्याही क्षणी ढासळतात. हाताच्या शेंड्याशी दुसऱ्या एका प्रथिनाची दाट जाळी असते, ती या नळ्यांना पुढं सरकू देत नाही. ज्या हातातली जाळी सैल होते आणि नळ्या ढासळायच्या थांबतात, तो हात पुढं निघतो. मग पेशीतला सगळा माल त्याच नळ्यांवरून तिकडं जायला लागतो. तो अजून वाढतो. बाकीच्यांची वाढ अडते.”

“म्हणजे ज्यानं आघाडी घेतली त्यालाच सगळं कर्ज. आमच्या सोसायटीसारखंच की.”

त्या हसल्या. पुढं म्हणाल्या, नळ्या टिकवून धरणारं औषध पूर्वीपासून माहीत होतं, पण ते अख्ख्या पेशीला दिलं की दोन-तीन हात एकदम धावत सुटतात. प्रत्येकाला वाटतं गावचा पाटील आपणच. नवी गोष्ट अशी निघाली की त्याच जातीचं एक औषध उजेड पडला तरच जागं होतं. पॅचमध्ये पेशी ओळीनं बसवायच्या आणि पॅचच्या ज्या कडेनं पेशींवर उजेड टाकावा, त्या कडेच्या हातातल्या नळ्या टिकतात, तोच हात तार होतो आणि त्या दिशेला जातो. पहिल्या छत्तीस तासांत हे ठरतं.

“मॅडम, तीन फेजच्या मोटरला दोन वायरी बदलल्या की ती उलटी फिरते,” मी विचारलं. “मोटर उघडावीसुद्धा लागत नाही. इथं नंतर दिशा बदलता येते?”

“नाही. ठरलं ते ठरलं.”

माझ्या मानेतल्या जागेला दोन कडा होत्या. आतल्या कडेनं उजेड टाकला तर तारा कमरेकडं जाणार, पायांच्या पेशींपर्यंत. बाहेरच्या कडेनं टाकला तर जवळच, बोटांच्या पेशींपर्यंत. दोन्हीकडून टाकला तर पेशीला दोन-दोन तारा फुटतात आणि एकही धड पोचत नाही. तसे केलेले उंदीर ना नीट चालले, ना त्यांना काही धरता आलं. आणि पॅच जन्मात एकदाच. दुसऱ्यांदा तिथं जागा उरत नाही.

केंद्रानं सगळ्यांचा उजेड आतल्या कडेनं टाकायचं ठरवलेलं होतं. कारण ही चाचणी यशस्वी झाली की नाही याचं माप एकच: वर्षानं पेशंट दहा मीटर चालला पाहिजे. आधीचे दोघं चालले होते. त्यातल्या एकाच्या गळ्यात हार घालून त्याला वॉर्डातून चालवलेला व्हिडिओ साऱ्या महाराष्ट्रानं पाहिला. आमच्या घरात तर तो रोज लागायचा.

पहिली बैठक मोडली त्या दिवशी भरतेश गाडी आणायला गेले आणि इम्रान माझ्याजवळ आला. तिशीचा, कामाला चोख.

“काकू, एक सांगू? नियमात बोटांना जागा आहे. ज्याला पकड अजिबात नाही, त्याची दिशा डॉक्टर पेशंटला विचारून ठरवू शकतात. पण तुमच्या फायलीत ‘पकड आहे’ असं लिहिलंय.”

“कुणी लिहिलं ते?”

“मी. तुम्हीच तर ग्लास उचलून दाखवला.”

मला घाम फुटला असता, पण तोही आता फुटत नाही. ही चूक सर्वस्वी माझी होती. मनगट वर उचललं की मेलेली बोटंसुद्धा आपसूक आत वळतात, कारण आतले बंध ताणले जातात. त्यात जोर काही नसतो. पण हलका स्टीलचा ग्लास त्यात अडकवून उचलता येतो. तपासणीच्या आधी तीन आठवडे मी घरी त्याचा सराव केला होता. इम्राननं पुढं ठेवलेला ग्लास मी झोकात उचलला, पाणी प्याले आणि म्हटलं, “लिहा, पकड आहे.” भरतेशनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मला कुणासमोर पांगळं दिसायचं नव्हतं, एवढंच. आमच्या धंद्यात कच्चा कारागीर मोटर भरतो, बिनलोड फिरवून दाखवतो आणि गिऱ्हाइकाला देऊन टाकतो. रिकामी मोटर काय, कशीही फिरते. पंपाला जोडून पाणी उपसायला लावलं की तासाभरात धूर. ‘लोडवर टाकल्याशिवाय मोटर पास करायची नाही,’ हे मी दुकानात किती जणांना ओरडून सांगितलं असेल. आणि स्वतःला मात्र बिनलोड पास करून घेतलं.

“पुन्हा तपासणी होते?” मी विचारलं.

“समितीसमोर मागता येते. पण काकू, दोघांची संमती लागते. पेशंटची आणि सांभाळणाऱ्याची. पुढं वर्षभर रोज चार तास व्यायाम घ्यायचा असतो ना. दादा तयार नसतील तर लावणच होत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतेश अंगणात होते. ते हायस्कुलात गणित शिकवतात, पण अपघातानंतर सुतार, गवंडी, वेल्डर सगळं शिकले. घराचे उंबरे काढले. अंगणात लोखंडी पाइपांचे दोन कठडे उभे केले, मी त्यांना धरून चालायला शिकावं म्हणून. त्या दिवशी ते कठड्यांना रंग देत होते. पायरीवर एक खोकं होतं, त्यात पांढरे बूट. माझ्या मापाचे.

“हे कशाला आणलं?”

“लागतील ना. बाहुबलीचा डोंगर बूट घालून नाही चढायचा, पण घरात सरावाला.” त्यांनी ब्रश डब्यात टाकला. “मी बोललोय तिथं, पद्मा. आपण दोघं चालत वर जाऊ म्हणून.”

“नवस तुम्ही बोललात आणि पाय माझे?”

“असं का बोलतेस तू?”

“मग कसं बोलू? चालत जाऊन मी काय करू, सांगा. गल्लीतनं फेऱ्या मारू? लोक म्हणतील, बघा, मगदूमांची सून चालली, आणि चहा प्यायला आत आले की तुम्ही मला कप धरून पाजणार. दुकानाला कुलूप लागून वर्ष झालं. पाच तालुक्यांतनं माणसं अजून फोन करतात. मी बसून मोटर भरते. कधी उभी राहून भरलीय का?”

“हात आहेत की तुला. ग्लास धरतेस, चमच्यानं जेवतेस, मोबाइल चालवतेस.”

चमचा माझ्या तळव्याला पट्ट्यानं बांधलेला असायचा आणि मोबाइल मी बोटाच्या पेरानं ढकलायची. ते रोज बघूनही त्यांना दिसत नव्हतं, आणि मीही दिसू दिलं नव्हतं. त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण ते आधी बोलले.

“तुला माहीत नाही,” ते म्हणाले, “तू खुर्चीत दिसलीस की मला ती ट्रॉली दिसते. रोज. तू चालायला लागलीस तर ते थांबेल. एवढं पण माझ्यासाठी नाही करणार?”

वीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यावर एकदाही ओरडला नव्हता. गिऱ्हाइकांसमोर ‘आमच्या मालकीणबाईंना विचारा’ असं अभिमानानं सांगणारा हा माणूस. मला त्यांची दया आली आणि संतापही आला, दोन्ही एकदम.

“मला तुमचा राग आला होता,” मी म्हटलं. “दोन महिने आला. नंतर संपला. खरं सांगते, संपला. तुमचाच तुमच्यावरचा संपेना. तो संपवायला माझे पाय नका वापरू.”

ते ब्रश उचलून रंग देत राहिले. त्या आठवड्यात घरात आम्ही जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढंच बोललो.

मंगळवारी मी दुकानातून एक सामान सोबत घेतलं. शेजारच्या सुताराच्या मुलीनं ते गाडीत ठेवलं. भरतेशनी विचारलं नाही.

समितीच्या खोलीत तीच माणसं, तीच खिडकी. मी म्हटलं, “साहेब, माझ्या फायलीत पकड आहे असं लिहिलंय. ते चूक आहे आणि चूक माझी आहे, या पोराची नाही. मला पुन्हा तपासा. पण ग्लास नको.”

इम्राननं सामान टेबलावर ठेवलं. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरचा उघडा स्टेटर, म्हणजे खाचांचं लोखंडी कडं, तांब्याच्या तारेची एक तयार कॉइल आणि बांबूची पट्टी.

“बारा वर्षांची असताना ही एक कॉइल बसवायला मला चार मिनिटं लागायची,” मी म्हटलं. “घड्याळ लावा.”

मी मनगट उचललं. बोटं आत वळली, कॉइल त्यांत अडकली. तिला कड्यापर्यंत नेलं. तिथून पुढं तार दाबायची होती, आणि दाबायला जोर लागतो. मी मनगट खाली केलं तशी बोटं उघडली आणि कॉइल टेबलावर पडली. पुन्हा उचलली. पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी तिचा बंध सुटला आणि साठ-सत्तर वेढे टेबलभर विस्कटले, काही खाली लोंबले. मी पट्टी दोन्ही तळव्यांत धरून तार सारायचा प्रयत्न केला. पट्टी उडून देशिंगकरांच्या कागदांवर गेली. मी थांबले नाही. एक वेढा तरी खाचेत जातो का बघत राहिले. गेला नाही. तोंडानं ओढून बघितली, तर तारेनं ओठ कापला.

मला लाज वाटत होती. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती. आणि तरी चार मिनिटं पूर्ण होईपर्यंत मी थांबायचं नाही असं ठरवून आले होते.

“पुरे,” भरतेश म्हणाले.

ते मागून पुढं आले होते. त्यांनी रुमालानं माझा ओठ पुसला, मग माझा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला आणि बोटं एकेक करून सरळ केली. सोडली की ती तशीच राहायची. त्यांनी पाचही बोटांचं तसं केलं. गणिताचा मास्तर उत्तर चुकलं की पहिल्या ओळीपासून तपासतो, तसं.

“काहीच नाही गं यांत,” ते म्हणाले.

“नाही.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.”

आता आठल्येबाई बोलल्या आणि त्यांचा आवाज कोरडा होता. “पद्मजाताई, नियमाप्रमाणे आता मी बाहेरच्या कडेनं उजेड टाकू शकते. पण तुम्हाला हे माहीत असायला हवं. चाचणीचं माप बदलत नाही. वर्षानं तुम्हाला दहा मीटरच्या पट्टीवर आणतील. तुम्ही चालणार नाही. निकालात तुमच्या नावापुढं ‘अयशस्वी’ लागेल. या केंद्राचा हा पहिला अपयशाचा आकडा असेल, आणि तो माझ्या हातून झालेला असेल.”

“तुमचं नुकसान होईल?”

“होईल थोडं.”

“मग तुम्ही नाही म्हणा. पण तुम्ही म्हणताय म्हणून मी पाय घेणार नाही. तशीच खुर्चीत राहीन.”

“नाही म्हणत नाहीये मी,” त्या म्हणाल्या. “फक्त सांगितलं.”

देशिंगकरांनी कॅमेरा सुरू केला. संमती तोंडी घेतात. मी माझं बोलले. मग भरतेशची पाळी आली. ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि वर्गात बोलतात तसे स्पष्ट बोलले. “मी भरतेश मगदूम. माझी इच्छा हिनं चालावं अशी होती. अजूनही आहे. पण शरीर हिचं आहे. बोटांच्या बाजूला माझी संमती आहे. वर्षभर व्यायाम मी घेईन.”

‘अजूनही आहे’ हे त्यांनी गाळलं नाही, ते मला आवडलं. खोटं बोलून दिलेली संमती मला नको होती.

लावण झाली त्यानंतर छत्तीस तास मी पालथी होते, डोकं चौकटीत घट्ट बसवलेलं. मानेत केसाएवढा बारीक काचेचा धागा होता आणि त्यातून डोळ्याला न दिसणारा उजेड आत जात होता. माझ्या तोंडाखाली एक पडदा लावला होता. प्रयोगशाळेत माझ्याच पेशींचा एक जास्तीचा पॅच ठेवून त्यावरही तसाच उजेड टाकतात आणि त्याचं चित्र पेशंटला बघायला देतात. बाकीच्यांना म्हणे त्याचा कंटाळा येतो.

मी एक पेशी निवडली आणि तीच बघत राहिले. पाच हात होते तिला. एक पुढं यायचा, चाचपडायचा, मागं जायचा. दुसऱ्या हाताचा शेंडा पंख्यासारखा पसरायचा आणि मिटायचा. नळ्या हिरव्या रंगात दिसायच्या, शेंड्यापर्यंत जायच्या आणि ढासळून परत यायच्या. नऊ-दहा तास असंच चाललं. मग उजेडाच्या बाजूच्या हातातल्या नळ्या परत येईनात. तिथंच टिकल्या. शेंड्याची जाळी विरळ झाली आणि तो हात निघाला. बाकीचे चार थोडे आखडले आणि गप्प झाले. मला एकदम रडू आलं. त्या चारांमध्ये माझे पाय होते. मी ते मागितले नव्हते, पण माझेच होते, आणि आता ते कधीच येणार नव्हते. पालथं पडून रडायला फार अवघड जातं. नर्सनं विचारलं, “दुखतंय का?” मी म्हटलं, “हो.”

पुढचे महिने कंटाळवाणे होते. रोज पहाटे दोन तास, संध्याकाळी दोन तास भरतेश माझी बोटं वाकवायचे, सोडायचे, वाकवायचे. मी मनातल्या मनात हुकूम सोडायचा आणि तो कुठंच पोचायचा नाही. शेजारणी यायच्या, पायांकडं बघायच्या. “काही हालचाल?” विचारायच्या. बोटांबद्दल सांगितलं की त्यांना वाटायचं उपचार फसला आणि ही काहीतरी सांगून वेळ मारून नेतेय. भरतेशच्या थोरल्या बहिणीनं तर तोंडावर सांगितलं, “आलेली लक्ष्मी लाथाडलीस तू.” मी म्हटलं, “लाथाडायला पाय कुठं आहेत, वन्सं?” त्या चहा न घेता गेल्या.

पाचव्या महिन्यात एका सकाळी भरतेश एकटेच बाहुबलीला गेले. दुपारी आले, पाय धुतले, माझ्यासमोर बसले.

“चढून आलो,” म्हणाले. “सांगितलं तिथं, बोललो होतो ते चुकलं. दोघांचं बोलायला नको होतं.”

“मग?”

“मग काय, खाली आलो. उजवा हात दे.”

त्याच व्यायामात, उजव्या हाताचा अंगठा हलला. मला वाटलं, त्यांनीच हलवला. त्यांना वाटलं, माझ्या मनगटाचा झटका असेल. त्यांनी हात काढून घेतला आणि म्हणाले, “आता हलव.” मी हलवला. जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. आम्ही दोघं वेड्यासारखे त्याच्याकडं बघत बसलो. मग भरतेश अंगणात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी हाक मारली नाही.

अंगठ्यानंतर तर्जनी, मग मधलं बोट. करंगळी आलीच नाही. डाव्या हाताची दोनच बोटं आली, तीही नाइलाजानं आल्यासारखी. अकराव्या महिन्यात मी दुकान उघडलं. पहिली मोटर भरायला तीन दिवस लागले. पूर्वी मला अर्धा दिवस लागायचा. ती लोडवर टाकली आणि दोन तास पाणी उपसू दिलं. गिऱ्हाईक वैतागलं होतं, पण मी मोटर सोडली नाही.

आणि मग वर्ष झालं.

दहा मीटरची पट्टी म्हणजे केंद्रातल्या लांब खोलीत जमिनीवर चिकटवलेली निळी टेप. नियम म्हणजे नियम. इम्राननं मला टेपेच्या सुरुवातीला आणलं. दोन पट्टे कमरेला बांधून मला उभं धरलं. आठल्येबाई, देशिंगकर आणि चाचणीला पैसा देणाऱ्यांकडून आलेले एक सूटवाले गृहस्थ भिंतीशी उभे होते. भरतेश टेपेच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले होते, सवयीनं.

“सुरू करा,” इम्रान म्हणाला. त्याचा आवाज पडला होता.

मी पायांना हुकूम सोडला. प्रामाणिकपणे सोडला, चाचणीत लबाडी नको. पाय तिथंच राहिले. दोन मिनिटं पूर्ण झाली. मला खुर्चीत बसवलं. सूटवाल्यांनी टॅबलेटवर नोंद केली आणि वाचून दाखवली: अंतर, शून्य मीटर. निकाल, अयशस्वी.

“रुग्णाला काही म्हणायचं असेल तर इथं एक चौकोन आहे,” ते म्हणाले. “तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. बहुतेक पेशंट सांगतात आणि आम्ही लिहितो.”

“द्या इकडं,” मी म्हटलं.

त्यांनी आठल्येबाईंकडं बघितलं. बाईंनी मान हलवली. टॅबलेट माझ्या मांडीवर आला. मी त्याच्या कडेची पेन्सिल अंगठा आणि दोन बोटांत धरली. निसटली, पुन्हा धरली. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येत होतं, काने वर जाऊन वाकत होते, आणि मला घाई अजिबात नव्हती. शून्य मीटरच्या बरोबर खाली मी लिहिलं:

‘पाय मी मागितलेच नव्हते.’

आणि त्याखाली, जागा उरली होती तेवढ्यात, पूर्ण नाव.